चौथ्या टाकीचं कुलूप

प्रभा घरतचा थर्मामीटरवर विश्वास नाही. पोराला ताप आला की कपाळाला हात, विरजण लावायचं असलं की पातेल्याला हात, गिझर चालू झाला म्हणून प्लंबरने देवाची शपथ घेतली तरी बादलीत हात. यंत्र माणसानेच बनवलेलं असतं ना, मग त्या माणसाची नियत कोणी तपासली, असा तिचा सरळ सवाल. गुरुग्राममधल्या ज्या सोसायटीत ती चौदाव्या मजल्यावर राहते, तिथला पाण्याचा मीटर, विजेचा मीटर आणि सेक्रेटरी या तिघांवर तिचा सारखाच डोळा आहे. आणि खरं सांगायचं तर तिघांपैकी दोघांच्या बाबतीत ती बरोबर निघाली आहे.

हा संशय तिने विकत आणलेला नाही, घरचा आहे. अलिबागकडच्या एका खाडीकाठच्या गावात तिच्या वडिलांचं तळं होतं आणि तळ्यात जिताडे. जिताडा काय चीज आहे हे रायगडच्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी इतकंच समजून घ्यावं, की खाडीतली पिल्लं धरून गावच्या तळ्यात सोडायची, दोन-तीन वर्षं नुसती वाट बघायची, आणि मग तो मासा विकायचा नाही, द्यायचा. जावयाला, व्याह्याला, आणि ज्याच्या सहीवाचून आपलं काम अडलंय त्या साहेबाला. इतका मानाचा मासा, म्हणजे त्याची चोरीही मानाची. वडील तळ्याकाठी खाट टाकून निजायचे आणि सकाळी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मिशीकडे असे बघायचे की रस्सा लागलेला दिसतोय का. प्रभा त्या खाटेच्या पायाशी वाढली.

पुढे परीक्षा देऊन दिल्लीत सरकारी नोकरी लागली, तीही नेमकी एका खात्याच्या दक्षता शाखेत. कोण कोणाला काय देतो, का देतो, आणि देऊन झाल्यावर गोड कशाला बोलतो, हे बघण्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. दिवाळीत एखाद्या साहेबाच्या टेबलावर सुक्या मेव्याचा डबा दिसला की तिला त्यात जिताडा दिसायचा. नवरा अविनाश दिल्लीतच जन्मलेला मराठी माणूस. कुठल्याही भांडणात ‘अच्छा अच्छा, चलो’ म्हणत बाजूला होणारा. दोघांचं चाललं ते त्यामुळेच.

एक गोष्ट मात्र तिने अविनाशलाही धड सांगितलेली नाही. नवीन लग्न झालेलं, आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर, शेजारच्या घरी बारसं. प्रभा वाकून बाळाला घ्यायला गेली तर शेजारणीची सासू भरल्या घरात म्हणाली, ‘‘बेटी, पहले हाथ धो लो. तुम लोग मछली खाते हो ना.’’ प्रभा उठली, मोरीवर गेली, साबण लावून हात धुतले, पदराला पुसले आणि परत आली. तोवर बाळाला आतल्या खोलीत निजवलेलं होतं. सगळ्या बायका तिच्या ओल्या हातांकडे बघत होत्या. तेव्हापासून ‘हात धुवा’ हे दोन शब्द कोणी तिला म्हणायचे नाहीत. डॉक्टरनेसुद्धा नाही.

त्याच हातांना दिल्लीची थंडी मानवत नाही. कोकणी कातडी, डिसेंबर लागला की तडकायला लागते. दर वर्षी गावाहून घाण्याच्या खोबरेलाची बाटली येते, इथे पोचेपर्यंत गोठून पांढरी दगड झालेली असते, मग ती बाल्कनीतल्या उन्हात ठेवायची आणि विरघळलं की कोपरापर्यंत चोपडायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. लिफ्टमध्ये शेजारीण नाक मुरडते. प्रभा मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन उभी राहते.

तर अशा या बाईच्या पोराने मासे पाळायचे ठरवले.

अंशुमन काचेच्या इमारतीत बसून कोणाकोणाची कामं सोपी करायचा. एक दिवस त्यालाच सगळं अवघड वाटायला लागलं. हरयाणातल्या झज्जरकडे जमिनीखालचं पाणी खारट. त्यावर गहू पिवळा पडतो, म्हशी तोंड फिरवतात, गावकरी त्या पाण्याला आईबहिणीवरून शिव्या घालतात. अंशुमनच्या डोक्यात आलं की शेतीला नको असलेल्या या पाण्यात समुद्राचा मासा का वाढू नये? त्या पाण्यात जे कमी आहे ते मिसळायचं, दक्षिणेच्या किनाऱ्यावरून माशाची अंडी विमानाने आणायची, शेडमधल्या टाक्यांत ती फोडायची आणि पिल्लं बोटाएवढी झाली की मोठ्या तळेवाल्यांना द्यायची. मासा कुठला, तर जिताडा.

‘‘जिताडा? विमानातून? आणि जाटांच्या गावात?’’ प्रभा म्हणाली.

‘‘आई, दिल्लीतले बंगाली त्यालाच भेटकी म्हणतात. वेडे आहेत त्याच्यासाठी.’’

‘‘माझे वडील तळ्यात सोडायचे नि विसरायचे. त्याला शेड लागते होय?’’

लागते. खाडीतलं पिल्लू खाडीने आधीच तपासून पाठवलेलं असतं. जे वाकडं, जे दुबळं, ते कोणाच्या तरी पोटात गेलेलं असतं. टाकीत तसं नसतं. तिथे उजेड किती, पाण्याचा जोर किती, गर्दी किती, ऊब किती, हे सगळं माणसाच्या हातात. आणि माणसाचा हात चुकला की ती चूक पिल्लाच्या हाडात उतरते. हे अंशुमनला ठाऊक होतं म्हणून त्याने श्यामला ठेवला.

श्याम करोल बागेतल्या गलाईवाल्यांचा मुलगा. सांगलीकडची ही माणसं, सोन्याचांदीची भट्टी घेऊन देशभर पांगलेली. श्याम भट्टीच्या धुराला कंटाळून मत्स्यशास्त्राचा डिप्लोमा करून बसला, दक्षिणेत माशांच्या एका बीजकेंद्रात राबला आणि आता बायको-मुलीला घेऊन झज्जरला भाड्याच्या खोलीत राहत होता. कामाला चोख, बोलायला तुटक. माफी मागणं त्याच्या रक्तात नव्हतं. आणि आई माळकरी, म्हणून घरात मासा नाही. श्याम स्वतःही खात नसे.

‘‘खात नाही?’’ प्रभाने अविनाशला दहांदा विचारलं. ‘‘जो मासा खात नाही त्याचं माशाशी काय नातं? त्यातून घाटावरचा.’’

‘‘तू फायली खायचीस का, तीस वर्षं?’’ अविनाश म्हणाला.

सप्टेंबरमधली पहिली खेप श्यामने एकट्याने वाढवली आणि ती छान निघाली. सरळ, चपळ, चांदीच्या खिळ्यांसारखी पिल्लं. अंशुमन खूश. प्रभाने मात्र मान हलवली. पहिल्यांदा सगळेच चोख वागतात, विश्वास असाच तर मिळवतात, हे तिने फायलींत शंभरदा वाचलं होतं. दुसरी खेप डिसेंबरात यायची होती. बाहेर धुकं, आत पाणी गरम ठेवायचं, हिटर रात्रंदिवस. ‘‘पाणी गार पडलं तर तुला कोण सांगणार? तो की त्याचा थर्मामीटर?’’ असं विचारून प्रभाने स्वतःच स्वतःची नेमणूक केली. रोज सकाळी अविनाश गाडी काढायचा. मोहरीच्या शेतांमधून, गोवऱ्यांच्या रचलेल्या ढिगांवरून धुकं कापत दोघं शेडवर पोचायची. अविनाश बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचा, संत्री सोलायचा. प्रभा आत जायची, बाह्या वर करायची आणि एकेका टाकीत हात घालून पाणी कोमट आहे ना ते बघायची.

चार टाक्या. अंडी फुटून पिल्लं निघालेली, नखावर ठेवली तर दिसणार नाहीत अशी.

पहिल्या दिवशी श्याम तिच्याकडे नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी तिने बाह्या वर केल्या तसा तो पुढे आला.

‘‘काकू, एक रिक्वेस्ट होती. हात घालायच्या आधी धुवून घ्याल? साबणाने. बिल्कुल कोपरापर्यंत.’’

प्रभाचा हात हवेतच थांबला.

‘‘काय म्हणालास?’’

‘‘हात. धुवून घ्या. कारण ना, पिल्लं आत्ता...’’

‘‘मला हात धुवायला सांगतोस? तू? मासा खाणाऱ्याचे हात बाटलेले वाटतात तुला? आणि माशांवर पोट भरायला लाज नाही वाटत?’’

‘‘काकू, ते नाही म्हणत मी, यार...’’

‘‘यार कोणाला म्हणतोस?’’

अविनाश पेपर खाली ठेवून आत आला आणि ‘अच्छा अच्छा’ म्हणाला. श्याम मागे सरला. त्याचं तोंड जे मिटलं ते मिटलंच. प्रभाने चारही टाक्यांत हात घातला, कालच्यापेक्षा जास्त वेळ, कोपरापर्यंत.

तिसऱ्या दिवशी ती आली तर चौथ्या टाकीवर झाकण. झाकणाला कडी. कडीला कुलूप.

‘‘हे काय?’’

‘‘एक टाकी नमुना म्हणून वेगळी ठेवतोय. अंशुमनसरांना सांगितलंय.’’

‘‘चावी?’’

‘‘माझ्याकडे.’’

त्या क्षणी प्रभा घरतच्या अंगात वडिलांची खाट आणि सरकारची दक्षता शाखा दोन्ही एकदम जाग्या झाल्या. तिने अंशुमनला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला, ‘‘हो गं आई, सॅम्पल टाकी आहे, ठीक आहे.’’ ठीक कसं? ज्याला लपवायचं असतं तो कुलूप लावतो. हिशेब सोपा होता.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. श्याम अविनाशकडे रोज जुने पेपर मागायचा. शिकलेला माणूस रद्दी कशाला मागतो? एकदा तिने दाराआडून पाहिलं, तर तो पेपरची कोरी कडा पाण्यावर अलगद पसरत होता, उचलत होता, टाकून देत होता. पुन्हा दुसरा कागद. तिन्ही उघड्या टाक्यांवर, अगदी देवपूजेसारखं. तिला बघितल्यावर थांबला. त्याने कागदाचा बोळा मुठीत लपवला असं तिला वाटलं. आणि तिला जे वाटतं ते ती पाहिलंच असं धरून चालते.

‘‘काय करत होतास?’’

‘‘साफसफाई.’’

‘‘कसली?’’

‘‘पाण्याची.’’

एका शब्दाला एक शब्द. दक्षता शाखेत असे लोक टेबलासमोर बसायचे तेव्हा प्रभा मनात म्हणायची, चला, सापडला.

महिना गेला. पिल्लं डोळ्यांना दिसण्याजोगी झाली आणि मग जे दिसलं त्याने अंशुमन धावत आला. पांढऱ्या वाडग्यात पाणी घेऊन श्यामने पिल्लं दाखवली. डोकं वर, शेपूट खाली, उभ्याने धडपडणारी. थांबलं की बुडायचं, म्हणून सारखी शेपटी मारायची. आणि पाठ, मणक्यापाशी खड्डा पडल्यासारखी वाकलेली. शंभरातली जवळजवळ सगळी. पहिली टाकी तशी, दुसरी तशी, तिसरी तशी. असा मासा कोणी घेत नाही. घेणाराच काय, प्रभाला स्वतःला बघवेना. आयुष्यभर तिने जिताडा हा ताठ मासा म्हणून पाहिला होता.

‘‘हवेची पिशवी भरली नाही,’’ श्याम म्हणाला. ‘‘पिल्लू निघालं की पहिल्या थोड्या दिवसांत वर येऊन हवेचा एक घोट घेतं. तो पोटातल्या पिशवीत जातो नि जन्मभर त्याला तरंगत ठेवतो. तेव्हा नाही घेतला तर नंतर रस्ता बंद होतो. मग पोहण्याच्या धडपडीत पाठ वाकते.’’

‘‘मग घेतला का नाही घोट?’’ अंशुमनने विचारलं.

‘‘पाण्यावर तवंग होता, सर. पातळ. पिल्लाच्या तोंडाला तो पत्र्यासारखा लागतो, फोडून वर येता येत नाही. मी कागदाने रोज काढत होतो. सकाळी परत यायचा.’’

‘‘कसला तवंग?’’

‘‘तेलकट.’’

‘‘तेल आलं कुठून?’’ हा प्रश्न प्रभाचा.

श्यामने तिच्याकडे पाहिलं. मग अंशुमनकडे. मग वाडग्यात.

‘‘सांगता येत नाही,’’ तो म्हणाला.

आणि प्रभाने ते मनात अधोरेखित केलं. ‘माहीत नाही’ म्हणाला नव्हता.

‘‘चौथी टाकी दाखव,’’ ती म्हणाली.

श्यामने चावी काढली. चौथ्या टाकीतलं वाडगंभर पाणी आणलं. पिल्लं सरळ. आडवी, शांत, चांदीच्या खिळ्यांसारखी, सप्टेंबरच्या खेपेसारखीच.

परतीच्या वाटेवर गाडीत अंशुमन गप्प होता. प्रभा नव्हती.

‘‘ज्या टाकीला फक्त त्याचा हात लागतो ती चांगली. बाकी तीन सडल्या. याचा अर्थ काय होतो?’’

‘‘काय होतो?’’ अविनाश म्हणाला.

‘‘अहो, त्याला येतं सगळं. करायचं नव्हतं, म्हणून केलं नाही. कोणीतरी त्याला फितवलंय. तिथे शेजारी तो दुसरा शेडवाला येतोय ना? अंशुमनचं बुडालं की हा तिकडे जाणार, सोबत चौथी टाकी घेऊन.’’

‘‘प्रभा, टाकी खिशात घालून नेता येत नाही.’’

‘‘तुम्ही गाडी चालवा.’’

अंशुमन मागच्या सीटवरून म्हणाला, ‘‘आई बरोबर असेल, बाबा. कुलपाचं मलाही आता विचित्र वाटतंय. मी रविवारी येतो. त्याला सांगतो, बस झालं. आणि अंडी पाठवतात त्या बीजकेंद्रालाही कळवतो.’’

बीजकेंद्राला कळवतो, म्हणजे काय ते प्रभाला नीट कळलं. उत्तरेकडे खाऱ्या पाण्यात मासा वाढवणारी माणसं मोजकी, सगळी एकमेकांच्या फोनमध्ये. एकाने सांगितलं की याच्या हातून पिल्लं वाकडी होतात, किंवा हा मुद्दाम करतो, की बाकीचे दार लावून घेतात. श्यामला परत भट्टीवर जावं लागेल. ती मनात म्हणाली, जाईल. आणि तरीही त्या आठवड्यात तिला नीट झोप लागली नाही. तिला गुन्हा सापडला होता, पण गुन्ह्याचा फायदा सापडत नव्हता. कामावरून निघणार तर त्याचं भाडं कोण भरणार, मुलीची शाळा? फायदा नसलेला गुन्हा तिने नोकरीत कधी पाहिला नव्हता.

रविवारी दुपारी धुकं उठलं आणि शेडच्या पश्चिमेच्या जाळीतून ऊन आत तिरपं पडलं. श्यामला कोणी सांगितलं नव्हतं, पण नोकरीवरून काढायला आलेली माणसं कशी गाडीतून उतरतात हे नोकरी करणाऱ्याला कळतं. त्याने आपला स्वेटर, डबा आणि मुलीने काढलेलं माशाचं चित्र आधीच एका पिशवीत भरून ठेवलं होतं.

अंशुमन शब्द जुळवत होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो दाराकडे वळला. प्रभाला थांबायची सवय नव्हती.

‘‘कुलूप काढ,’’ ती म्हणाली. ‘‘आणि हवा बंद कर. पिल्लं आत नीट बघायची आहेत मला. जाण्याआधी सगळं माझ्या डोळ्यांसमोर मोजून घेणार.’’

श्यामने कुलूप काढलं, झाकण उचललं, हवेची नळी बंद केली. बुडबुडे थांबले. पाणी आरशासारखं स्थिर झालं. पिल्लं आडवी, एका दिशेने. प्रभाने बाह्या वर केल्या. कुलूप लागल्यापासून या एका टाकीचं पाणी तिच्या हाताला लागलं नव्हतं. तिने हात घातला, मनगटापर्यंत.

कोमट होतं. अगदी बरोबर कोमट.

मग तिला ते दिसलं. मनगटापाशी पाण्याला एक कड उमटली. ती पसरली. तिरप्या उन्हात त्या कडेवर निळा, मग जांभळा, मग पिवळा रंग धरला आणि तिच्या हाताभोवतीच्या पाण्यावर तो रंग हळूहळू, कोणी ढकलत असल्यासारखा, टाकीच्या भिंतीकडे निघाला. प्रभाने हात वर काढला. मनगटावरून थेंब पडला आणि त्या थेंबाभोवतीही तसंच एक रंगीत वर्तुळ फुललं.

अंशुमन अजून पाठमोराच होता, फोनवर ‘हां, हां’ म्हणत. अविनाश बाहेर संत्री सोलत होता. पाहिलं होतं फक्त दोघांनी, तिने आणि श्यामने. श्यामच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो वळला, पेपरचा एक कागद घेतला, पाण्यावर अलगद टेकवला, उचलला. पहिल्या दिवसापासून करत होता तसंच.

तीस वर्षं जी बाई दुसऱ्यांना विचारत आली की तुला कधी कळलं आणि कळल्यावर तू काय केलंस, तिला आता स्वतःला काय ते ठरवायचं होतं, आणि तेही अंशुमनचा फोन संपायच्या आत. गप्प बसली असती तर कोणाला कळलं असतं? श्याम बोलला असता तर ऐकलं कोणी असतं? पगार घेणाऱ्याने पगार देणाऱ्याच्या आईच्या हाताला नाव ठेवायचं, आणि तेही काढून टाकल्यावर? बघा कधी करून.

‘‘दोन बादल्या आण,’’ प्रभा म्हणाली. ‘‘स्वच्छ, गरम पाण्याच्या.’’

श्यामने आणल्या. ती मोरीवर गेली. साबण घेतला आणि उजवा हात कोपरापर्यंत धुतला. एकदा, मग परत एकदा. डावा हात तसाच ठेवला. मग उन्हाच्या पट्ट्यात बादल्या ठेवून एकीत उजवा बुडवला, दुसरीत डावा. आपल्याच निकालावरही तिचा विश्वास नव्हता. पुरावा हवा होता. उजव्या बादलीतलं पाणी साधं राहिलं. डावीत रंग पसरला.

अंशुमन फोन खिशात टाकत आला. ‘‘काय चाललंय?’’

‘‘बघ.’’

‘‘काय बघू?’’

‘‘तेल. खोबरेल. माझं.’’ ती बादल्यांकडे बघत बोलत होती. ‘‘रोज सकाळी तिन्ही टाक्यांत मीच घातलं. चौथीला तिसऱ्याच दिवशी कुलूप लागलं म्हणून ती वाचली. सप्टेंबरात मी नव्हते म्हणून ती खेप वाचली.’’

अविनाश दारात येऊन उभा राहिला होता. ‘अच्छा’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

‘‘तू मला सांगितलं का नाहीस?’’ प्रभाने श्यामला विचारलं. आवाज चढवायचं तिने ठरवलं नव्हतं, तो आपोआप चढला.

‘‘सांगितलं होतं, काकू. हात धुवा म्हणालो होतो.’’

‘‘कारण सांगायचं नाही?’’

‘‘कारण ऐकायला तुम्ही थांबलात कुठे?’’

प्रभाला त्या बारशाच्या घरातली मोरी आठवली, तिथला साबण, तिथला नळ. त्या सासूने कारण सांगितलं होतं आणि ते कारण खोटं होतं. याच्याकडे खरं कारण होतं, तर तिने ऐकलंच नव्हतं. हे ती कोणाला बोलली नाही.

‘‘अंशुमन, याला काढायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘बीजकेंद्राला फोन करायचा तर मी करते. खेप कशाने गेली ते मी सांगते, माझ्या नावानिशी.’’

‘‘आई, त्याची काही गरज...’’

‘‘आहे.’’

श्याम कोपऱ्यातल्या पिशवीकडे बघत होता. ‘‘मी राहीन की नाही ते मलाही विचारा ना,’’ तो म्हणाला. ‘‘राहायचं तर चारही टाक्यांना झाकण लावणार. आणि चाव्या माझ्याकडे. सरांकडेसुद्धा नाही.’’

अंशुमनने आईकडे पाहिलं. असल्या बोलण्यावर ती काय करते हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

‘‘चाव्या एकाकडेच हव्यात,’’ प्रभा म्हणाली. ‘‘दोघांकडे असल्या की चोर सापडत नाही.’’

श्याम पहिल्यांदाच हसला, अगदी थोडंसं, आणि लगेच तोंड फिरवून चौथ्या टाकीची हवा सुरू केली. पिशवीतलं चित्र संध्याकाळपर्यंत परत भिंतीवर लागलं होतं.

आता पुढची अंडी आली आहेत. झाकणं बसली आहेत. पहिल्या तीन टाक्यांतली वाकडी पिल्लं गेली, आणि ती जाताना प्रभा तिथे उभी होती, कोणी सांगितलं नसतानाही. तिचा संशय गेलेला नाही. तो जाणार कुठे? त्याला फक्त नवीन जागा मिळाली आहे. शेडच्या दारातच एक प्लास्टिकची खुर्ची, शेजारी कोमट पाण्याची बादली आणि कपडे धुवायचा साबण. आत जाणाऱ्याने दोन्ही हात पुढे करायचे. प्रभा वाकून वास घेते. अंशुमनला पहिल्याच दिवशी परत पाठवलं, दाढीनंतर लावलेल्या क्रीमसाठी. वीज दुरुस्तीवाल्याला ग्रीससाठी. अविनाशला संत्र्यासाठी.

‘‘संत्र्यात कुठलं तेल, प्रभा?’’

‘‘सालीत असतं. तुम्ही बाहेर बसा.’’

श्याम रोज सकाळी न सांगता येऊन उभा राहतो, तळहात वर करून. प्रभा वास घेते, बोटांच्या बेचक्यांपर्यंत. काही सापडत नाही.

‘‘जा.’’

तो आत गेला की ती स्वतःचे तेलकट हात पाठीमागे बांधून दारातच थांबते.

‘‘पाणी कोमट आहे का रे?’’

‘‘आहे, काकू.’’

‘‘थर्मामीटर बघून सांगू नकोस. हात घाल.’’

आतून कुलूप निघाल्याचा आवाज येतो, मग झाकणाचा, मग पाण्यात हात बुडाल्याचा.

‘‘कोमट आहे.’’

प्रभा मान लांब करून त्याच्या तोंडाकडे बघते, खोटं बोलतोय का ते ताडत. मग खुर्ची थोडी आणखी उन्हात ओढून बसते.